श्रद्धेची पहिली शाळा

७ सप्टेंबर २०२५ रोजी व्हॅटिकनच्या सेंट पीटर चौकात पोप लिओ चौदावे यांनी दोन इटालियन तरुणांना संतपद बहाल केले. त्यांपैकी कार्लो आकुतिस हा संगणकात रमणारा शाळकरी मुलगा २००६ मध्ये, वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेला. त्याच्या गौरवाचा सोहळा पाहण्यासाठी त्याचे आईवडील आणि त्याच्या मृत्यूनंतर जन्मलेली जुळी भावंडे चौकात उपस्थित होती. या कुटुंबाविषयीची एक गोष्ट मात्र संतचरित्रांच्या ठरीव साच्यात बसत नाही. कार्लोची आई स्वतः फारशी धार्मिक नव्हती, हे तिने वेळोवेळी जाहीरपणे सांगितले आहे. मुलाला प्रार्थनेची गोडी लागली ती त्याला सांभाळणाऱ्या पोलिश बाईंमुळे, आणि पुढे त्याच्याच प्रश्नांनी आईला चर्चकडे वळवले.

त्याच्या दहा वर्षे आधी, १८ ऑक्टोबर २०१५ रोजी, कुटुंब या विषयावर रोममध्ये धर्मसभा चालू असताना पोप फ्रान्सिस यांनी लुई आणि झेली मार्टिन या फ्रेंच दाम्पत्याला एकत्रितपणे संतपद दिले होते. लुई घड्याळे दुरुस्त करीत, झेली लेस विणण्याचा व्यवसाय सांभाळीत. त्यांच्या नऊ अपत्यांपैकी चार बालपणीच दगावली. उरलेल्या पाचही मुली जोगिणी झाल्या आणि त्यांतली धाकटी तेरेझा जगभर संत म्हणून ओळखली गेली. एका घरात श्रद्धा आईवडिलांकडून मुलींकडे गेली. दुसऱ्या घरात मुलाकडून आईकडे. दोन्ही घरांत समान होता तो जिव्हाळा.

ही चर्चा रोमपुरती मर्यादित नाही. तिचा खरा कस लागतो तो कॅथलिक समाज अगदी विरळ आहे अशा ठिकाणी. कोल्हापूर हे त्याचे बोलके उदाहरण आहे. अंबाबाई आणि जोतिबाच्या या नगरीत आपल्या मुलांना कॅथलिक म्हणून वाढवणाऱ्या पालकांपुढचा प्रश्न साधा आहे आणि अवघडही. आजूबाजूला आधाराला फारसे कोणी नसताना श्रद्धा पुढच्या पिढीकडे पोचवायची कशी?

विरळ वस्तीचा प्रश्न

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार होती. राज्याच्या लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी. त्यात कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट दोन्ही आले. या समाजाचा मोठा भाग मुंबई, वसई, पुणे आणि अहिल्यानगर या पट्ट्यांत एकवटलेला आहे. कोल्हापूर शहरात ख्रिस्ती धर्माची ओळख झाली ती प्रामुख्याने अमेरिकन प्रॉटेस्टंट मिशनमुळे. १८५२ मध्ये रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले आणि त्यांच्या नावाचे चर्च आजही शहरात उभे आहे. कॅथलिकांचा इतिहास निराळा आहे. जिल्ह्याच्या दक्षिणेस आजरा, गडहिंग्लज, चंदगड भागात गोवा आणि बेळगावशी नाते सांगणारी जुनी कोकणीभाषक कॅथलिक कुटुंबे आहेत. शहरात त्यांच्या जोडीला नोकरी-व्यवसायानिमित्त आलेली गोव्याकडची, मंगळूरकडची, केरळ-तामिळनाडूकडची कुटुंबे आहेत.

वसईच्या एखाद्या गावात वाढणाऱ्या मुलाला श्रद्धा शिकवावी लागत नाही, असे कोणी म्हटले तर त्यात अतिशयोक्ती असली तरी तथ्यही आहे. तिथे पोर्तुगीज काळापासूनची धर्मग्रामे आहेत, चर्चच्या घंटेवर दिवस चालतो, शेजारी, मामा, आत्या, वर्गमित्र सारे एकाच वेदीपुढे गुडघे टेकतात. घरात एखादी गोष्ट राहून गेली तर गाव ती भरून काढते. कोल्हापुरातल्या अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्या कॅथलिक मुलाला मात्र जिन्यासमोरच्या घरात, खेळाच्या मैदानावर किंवा क्लासच्या बाकावर आपल्यासारखे दुसरे मूल क्वचितच भेटते. नाताळात त्याच्या घरी केक खायला सारी इमारत येते. पण शुभ शुक्रवारी घरात इतकी शांतता का आहे, हे मित्रांना सांगताना त्याची तारांबळ उडते.

शाळा ही उणीव भरून काढेल, अशी अनेक पालकांची अपेक्षा असते. कोल्हापुरात सेंट झेवियर्स आणि होली क्रॉस या कॅथलिक परंपरेतील शाळा नावाजलेल्या आहेत. परंतु अशा शाळांतील बहुसंख्य विद्यार्थी ख्रिस्तेतर कुटुंबांतून येतात. राज्यघटनेच्या २८ व्या कलमाप्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत कोणत्याही विद्यार्थ्याला त्याच्या, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात सहभागी व्हायला लावता येत नाही. ही तरतूद योग्यच आहे, आणि मिशनरी शाळांनी सर्वांसाठी मूल्यशिक्षण हा मार्ग स्वीकारला तोही उचित आहे. त्याचा परिणाम असा की, कॅथलिक मुलाच्या वाट्याला शिस्त, इंग्रजी आणि सर्वधर्मसमभाव शाळेतून येतो; पण श्रद्धेचे शिक्षण उरते ते रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गापुरते. आठवड्याच्या १६८ तासांपैकी तो सुमारे एक तास. बाकीचे तास घराचे आणि जगाचे आहेत.

चर्चने घराकडे बोट दाखवले

ही परिस्थिती कोल्हापूरची असली तरी तिचे भान चर्चला पूर्वीच आले होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ च्या दस्तऐवजात कुटुंबाला ‘घरातले चर्च’ ही प्राचीन संज्ञा पुन्हा बहाल केली आणि आईवडील हे मुलांचे श्रद्धेचे पहिले उद्घोषक आहेत, असे म्हटले. पुढच्याच वर्षी शिक्षणाविषयीच्या घोषणापत्रात पालकांना मुलांचे आद्य शिक्षक मानण्यात आले. परिषदेनंतर १९६९ मध्ये बालकांच्या बाप्तिस्म्याचा विधी नव्याने रचला गेला, तेव्हा त्यात आईवडिलांना मध्यवर्ती स्थान देण्यात आले. पूर्वी बाळाच्या वतीने बोलण्याचा मान धर्ममातापित्यांकडे, म्हणजे कोकणी घरांतल्या ‘पादीन-मादीन’कडे, अधिक असे. नव्या विधीत, या मुलाला श्रद्धेत वाढवण्याची जबाबदारी तुम्हाला समजली आहे का, असा थेट सवाल आईवडिलांना केला जातो.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ मध्ये कुटुंबविषयक विस्तृत पत्रात हाच विचार पुढे नेला. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या ‘अमोरिस लेतित्सिया’ या दस्तऐवजात मुलांच्या संगोपनावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. त्यातला सूर लक्षणीय आहे. मुलाच्या प्रत्येक पावलावर पहारा ठेवण्याच्या अट्टहासाला शिक्षण म्हणता येणार नाही, असा इशारा त्यात आहे. मूल कुठे आहे यापेक्षा ते मनाने कोणत्या वाटेवर आहे, हे जाणणे अधिक महत्त्वाचे, असा त्याचा आशय आहे. आज्ञा आणि भीती यांवर पोसलेली श्रद्धा मूल घर सोडते त्या दिवशी मागे राहते, याची ही एक प्रकारे कबुलीच आहे.

अर्थात कागदावरचा सिद्धान्त आणि दैनंदिन व्यवहार यांत अंतर असते. पिढ्यानपिढ्या धर्मगुरू सांगतील ते करणाऱ्या समाजाला अचानक ‘गुरू तुम्हीच’ असे सांगितले, तर पालक गोंधळतात. अनेक सुशिक्षित पालकांनी स्वतः धर्मशिक्षण घेतले ते दहावीपर्यंत. त्यानंतर धर्माविषयी एकही पुस्तक उघडलेले नसते. मुलीने सातवीत उत्क्रांतीचा धडा वाचून उत्पत्तीच्या कथेविषयी विचारले, की ‘फादरना विचार’ हे उत्तर मिळते. मुलाला त्यातून एवढेच कळते की, हा विषय या घराचा नाही.

धर्मगुरूविना तगलेली श्रद्धा

कुटुंब हेच एकमेव आधारस्थान उरले तर काय घडते, याचे इतिहासातले सर्वांत विलक्षण उदाहरण जपानचे आहे, आणि त्याचा धागा महाराष्ट्राशी जुळतो. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया यांना १५९७ मध्ये नागासाकी येथे इतर पंचवीस जणांबरोबर क्रुसावर चढवण्यात आले. १८६२ मध्ये ते संत घोषित झाले. त्या हौतात्म्यानंतर जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर कडक बंदी आली, धर्मगुरू मारले गेले किंवा हाकलले गेले. दोनशेहून अधिक वर्षे त्या देशात उघडपणे एकही चर्च नव्हते. मार्च १८६५ मध्ये नागासाकीच्या ओउरा येथे नव्याने बांधलेल्या चर्चमध्ये काही खेडूत आले आणि आपणही याच श्रद्धेचे आहोत, असे त्यांनी तिथल्या फ्रेंच धर्मगुरूला हळूच सांगितले. सात पिढ्या त्यांनी बाप्तिस्मा, प्रार्थना आणि सणांची दिनदर्शिका घराघरांतून जपली होती.

हे उदाहरण भारावून टाकणारे असले तरी त्याचा अर्थ सावधपणे लावला पाहिजे. त्या कुटुंबांजवळ ग्रंथ नव्हते, शाळा नव्हती, पाठांतरातले अनेक शब्द काळाच्या ओघात झिजून गेले होते. तरीही एक गोष्ट टिकली. मुलांनी आईबापांना धोका पत्करून प्रार्थना करताना पाहिले होते. जे घरातल्या मोठ्यांना मोलाचे वाटते, ते मुलांना सांगावे लागत नाही.

गोवा आणि कोकणातल्या कॅथलिक घरांनी हीच गोष्ट उत्सवी रूपात जपली. साईबिणीची मूर्ती वाड्यावरच्या एका घरातून दुसऱ्या घरी जाते, संध्याकाळी शेजारीपाजारी जमतात, जपमाळ म्हटली जाते, लादाईन गायले जाते आणि शेवटी सगळ्यांच्या हातावर खाऊ पडतो. मुलाच्या स्मरणात राहतो तो मेणबत्तीचा उजेड, आजीचा किंचित चुकणारा सूर आणि तो खाऊ. हिंदू घरांतल्या दिवेलागणीच्या ‘शुभं करोति’शी किंवा वारकरी घरातल्या हरिपाठाशी याचे नाते उघड आहे. श्रद्धा अंगवळणी पडते ती अशा वेळी, आणि मग तिच्याविषयी प्रश्न विचारण्याचे धैर्यही येते.

कोल्हापूरच्या प्रॉटेस्टंट इतिहासातही घराच्या या सामर्थ्याचा एक दाखला आहे. रॉयल वाइल्डर यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरात जन्मला. वडिलांबरोबर अमेरिकेत परतल्यावर तो आणि त्याची बहीण ग्रेस प्रिन्स्टनच्या घरी एकत्र प्रार्थना करीत. १८८६ च्या सुमारास तिथूनच जी विद्यार्थी चळवळ उभी राहिली, तिने पुढे हजारो अमेरिकन तरुणांना परदेशी सेवेसाठी पाठवले. ग्रेस स्वतः भारतात परतली. मिशनरी कार्याविषयी मते काहीही असोत, एका घराच्या बैठकीच्या खोलीत जुळलेले मन किती दूर जाऊ शकते, हे त्यातून दिसते.

संशोधन काय सांगते

या साऱ्याला अनुभवाचे बोल म्हणून बाजूला सारता येईल. पण समाजशास्त्रानेही त्याची तपासणी केली आहे. अमेरिकेतील व्हर्न बेंग्टसन या अभ्यासकाने १९७० पासून सुमारे साडेतीन दशके दक्षिण कॅलिफोर्नियातील ३५० हून अधिक कुटुंबांचा पिढ्यानपिढ्यांचा मागोवा घेतला. त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. धर्मश्रद्धा पुढच्या पिढीकडे जाते की नाही, हे पालक किती नियमाने उपासनेला जातात यावर एकट्यावर अवलंबून नसते. पालक आणि मुले यांच्यातील नात्यात किती ऊब आहे, हा घटक निर्णायक ठरतो, असे त्यात आढळले. अत्यंत धर्मनिष्ठ पण कठोर, अलिप्त पालकांची मुले घराची श्रद्धा सोडून जाण्याची शक्यता अधिक दिसली. विशेष म्हणजे वडिलांशी असलेल्या जवळिकीचा प्रभाव ठळक होता.

अमेरिकेतले निष्कर्ष जसेच्या तसे कोल्हापूरला लावता येणार नाहीत. तिथले कुटुंब छोटे, इथले आजीआजोबांसह विस्तारलेले. तरीही वडिलांविषयीचा मुद्दा इथे विचार करायला लावणारा आहे. महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत, मग धर्म कोणताही असो, देवधर्म हे आईचे खाते मानले जाते. रविवारी आई मुलांना घेऊन मिस्साला जाते आणि वडील चर्चच्या फाटकाशी मोटारसायकल लावून मोबाइल पाहत थांबतात, हे दृश्य अपवादात्मक नाही. वडिलांनी मुलाला धर्मावर व्याख्यान देण्याची गरज नाही. जेवणाआधी त्यांनी स्वतः क्रुसाची खूण करणे, चूक झाल्यावर मुलाची क्षमा मागणे, कामगाराचा पगार वेळेवर देणे, यांतून मूल जे शिकते ते धर्मशिक्षणाच्या वर्गात मिळत नाही.

तीन कसोट्या

कोल्हापूरसारख्या शहरात हे घरातले चर्च टिकवताना पालकांना तीन कसोट्यांना सामोरे जावे लागते.

पहिली कसोटी वेळेची. आठवीपासून खासगी क्लासचे वेळापत्रक घराचा ताबा घेते. रविवारी सकाळी सराव परीक्षा आणि त्याच वेळी मिस्सा, असा पेच पडला की निवाडा बहुधा परीक्षेच्या बाजूने होतो. त्याबद्दल पालकांना दोष देणे सोपे आहे. पण अल्पसंख्य, बहुतांशी नोकरदार समाजासाठी शिक्षण हीच एकमेव पुंजी असते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. प्रश्न एका रविवारच्या गैरहजेरीचा नाही. परीक्षा देवापेक्षा मोठी आहे, हे वाक्य न उच्चारता मुलाच्या मनावर कोरले जाते, हा आहे. ज्या घरांत रात्रीच्या जेवणानंतरची दहा मिनिटे दूरचित्रवाणी आणि फोन बंद ठेवून प्रार्थनेसाठी राखली जातात, तिथे हुकलेला रविवार सावरता येतो. जिथे ती दहा मिनिटेही नाहीत, तिथे नियमित मिस्सादेखील एक हजेरी ठरते.

दुसरी कसोटी भाषेची. व्हॅटिकन परिषदेपूर्वी मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. परिषदेने लोकभाषांचे दार उघडले. परंतु मराठीला ख्रिस्ती श्रद्धेची भाषा होण्यासाठी परिषदेची वाट पाहावी लागली नव्हती. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात राहून मराठी ओवीत रचलेले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे घराघरांतून वाचले-गायले गेले. जर्मन जेज्विट हाइनरिख ड्योरिंग यांनी नगर भागात १९०३ मध्ये ‘निरोप्या’ हे मासिक सुरू केले. अलीकडच्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला आणि २०२० मध्ये उस्मानाबाद येथे ते अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

इतका समृद्ध वारसा असूनही शहरी कॅथलिक घरांत विचित्र परिस्थिती आढळते. आजी कोकणीत किंवा मराठीत जपमाळ म्हणते, आईवडील आपापसांत मराठी बोलतात आणि मूल प्रार्थना करते ती शाळेत शिकलेल्या इंग्रजीत. इंग्रजीत प्रार्थना करण्यात गैर काहीच नाही. पण ज्या भाषेत मूल रडते, रुसते आणि हट्ट करते, त्या भाषेत देवाशी बोलायला ते शिकले नाही, तर प्रार्थना ही त्याच्यासाठी पाठ केलेली कविता बनण्याचा धोका असतो. शिवाय आजी आणि नातवंडे यांच्यातला श्रद्धेचा पूल त्याच ठिकाणी तुटतो. ख्रिस्ती म्हणजे बाहेरचा, हा जो गैरसमज समाजात वावरतो, त्याला उत्तर देण्याची शक्तीही मुलाला याच मराठी वारशातून मिळू शकते.

तिसरी आणि सर्वांत नाजूक कसोटी मिश्रविवाहाची. समाज विरळ असेल तिथे तरुण-तरुणींचे जोडीदार अन्य धर्मांतले असणे स्वाभाविक आहे. ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी शतकापूर्वी आंतरजातीय विवाहांना कायद्याचे पाठबळ दिले, तिथे या विवाहांकडे केवळ संकट म्हणून पाहणे शोभणारे नाही. चर्चचा कायदाही बदलला आहे. १९१७ च्या धर्मसंहितेनुसार मुलांना कॅथलिक म्हणूनच वाढवू, असे वचन दोन्ही जोडीदारांना द्यावे लागे. १९७० मध्ये पोप पॉल सहावे यांनी ही अट सौम्य केली आणि १९८३ च्या संहितेत तेच कायम झाले. आता वचन देतो तो फक्त कॅथलिक जोडीदार, तेही आपल्याकडून शक्य ते सर्व करीन एवढेच. दुसऱ्या जोडीदाराला त्याची कल्पना दिली जाते.

या बदलाने अन्य धर्मीय जोडीदाराच्या सदसद्विवेकाचा मान राखला, मात्र घरातला प्रश्न सुटला नाही. मुलाचे नाव काय, बाप्तिस्मा कधी, गौरीगणपतीला आजोळी आणि नाताळात आजीकडे गेलेल्या मुलाने स्वतःला काय म्हणवून घ्यायचे? अनेक जोडपी वाद नको म्हणून हा विषयच टाळतात आणि ‘मोठा झाल्यावर तो ठरवेल’ असे म्हणतात. हे वाक्य उदार वाटते. पण ज्या मुलाला कोणतीच प्रार्थना शिकवली नाही, त्याच्यापुढे निवडीसाठी असते तरी काय? भाषा न शिकवता मुलाला कवी व्हायचे की नाही हे ठरवायला सांगण्यासारखेच हे आहे. याउलट दोन्ही बाजूंच्या आजी-आजोबांनी मुलाला आपापल्या बाजूला ओढले, तर श्रद्धा हा त्याच्यासाठी भांडणाचा विषय ठरतो.

या संदर्भात मराठी वाचकांना परिचित असलेल्या एका घराची आठवण उपयुक्त ठरेल. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंचा संसार उन्मळून पडला. त्यांनी स्वतः ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो पाच वर्षांनी, आपल्या मनाला पटल्यावर. ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्रातून दिसते ते असे की, त्या वर्षांत त्यांना बदलले ते वादविवादाने नव्हे. सोवळेओवळे हळूहळू गळून पडले ते माणसांच्या सहवासात. टिळकांचे घर प्रॉटेस्टंट होते आणि काळ वेगळा होता. पण दोन श्रद्धा एका छपराखाली नांदताना प्रेम आणि सक्ती यांतला फरक किती निर्णायक असतो, हे त्या घराने दाखवून दिले.

शेजार आणि स्वातंत्र्य

कॅथलिक मुलाला कोल्हापुरात वाढवणे म्हणजे त्याला कोल्हापूरपासून दूर ठेवणे असा अर्थ काही भयभीत पालक काढतात. मित्राच्या घरच्या गणपतीला जायचे नाही, प्रसाद घ्यायचा नाही, नवरात्रातली रोषणाई पाहायची नाही. अशा कुंपणातून श्रद्धा वाचत नाही. मूल एकटे पडते. ऑक्टोबर १९६५ मध्ये व्हॅटिकन परिषदेने अन्य धर्मांविषयीच्या घोषणापत्रात, त्या धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारीत नाही, असे स्पष्ट केले होते. ज्याला स्वतःच्या घरचे देवाशी असलेले नाते ठाऊक आहे, ते मूल शेजारच्या आरतीला आदराने उभे राहू शकते आणि आपण कोण हेही विसरत नाही. गोंधळते ते घरी काहीच न मिळालेले मूल.

दुसऱ्या बाजूला, गेल्या काही वर्षांत देशात धर्मांतराच्या प्रश्नावरून वातावरण संशयाने गढूळ झाले आहे. अनेक राज्यांत त्याविषयी कठोर कायदे झाले. पिढ्यान्पिढ्या ख्रिस्ती असलेल्या घरातल्या मुलालाही मग वर्गात एखादा बोचरा प्रश्न ऐकावा लागतो. अशा वेळी पालकांनी मुलाच्या मनात कडवटपणा पेरला, तर श्रद्धेची जागा अभिमान घेतो. आणि धर्म लपवायला शिकवले, तर श्रद्धेची जागा लाज घेते. राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने दिलेले स्वातंत्र्य हे आपले आहे आणि शेजाऱ्याचेही आहे, हे मुलाला समजावून सांगणे, हा धर्मशिक्षणाचाच भाग मानला पाहिजे.

चर्चनेही आत्मपरीक्षण करणे आवश्यक आहे. जगाच्या अनेक भागांत धर्मगुरूंकडून झालेले मुलांचे लैंगिक शोषण आणि ते दडपण्याचे प्रयत्न उघडकीस आल्यावर पालकांच्या विश्वासाला तडा गेला. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये अशा तक्रारी नोंदवणे धर्मगुरूंवर बंधनकारक केले, आणि भारतात २०१२ चा पोक्सो कायदा सर्वांनाच लागू आहे. मुलाला संस्थेच्या हवाली करून मोकळे होण्याचा काळ संपला आहे. त्याच वेळी, एकट्या पडलेल्या पालकांना साथ देणे ही धर्मग्रामाची जबाबदारी आहे. पालकांसाठी महिन्यातून एकदा बैठक, मिश्रविवाहित जोडप्यांना संकोच न वाटता येता येईल असे वातावरण, मराठी आणि कोकणी प्रार्थनांचे सोपे पुस्तक, क्लासच्या वेळा लक्षात घेऊन ठेवलेली शनिवारची संध्याकाळची मिस्सा, या गोष्टी अशक्य कोटीतल्या नाहीत.

बंद दारांनी शिकवलेले

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा देशभरातील प्रार्थनास्थळांची दारे बंद झाली. त्या वर्षी १२ एप्रिलला आलेला ईस्टर ख्रिस्ती कुटुंबांनी चार भिंतींत साजरा केला. मोबाइलच्या पडद्यावर मिस्सा चालू होती. पण खोलीत मेणबत्ती लावायची कोणी, वाचन करायचे कोणी, शेवटची प्रार्थना म्हणायची कोणी, हे प्रत्येक घराला स्वतः ठरवावे लागले. कित्येक घरांत वडिलांचा प्रार्थनेतला आवाज मुलांनी तेव्हाच प्रथम ऐकला असेल. काही घरांत पडदा बंद झाल्यावर दुसरे काहीच उरले नाही. कोणते घर कुठे उभे आहे, हे त्या काही आठवड्यांनी दाखवून दिले.

चर्चची दारे पुन्हा उघडली, क्लास पूर्ववत झाले आणि घरातली ती मेणबत्ती बहुतेक ठिकाणी कपाटात गेली. कोल्हापूरच्या कॅथलिक पालकांपुढचा आजचा प्रश्न ती पुन्हा बाहेर काढण्याचा आहे. मुले पुढे पुण्याला, बंगळूरला, आखाती देशांत जातील. तिथे रविवारी चर्चची वाट धरायची की नाही, हे ती स्वतःच ठरवतील, आणि तो त्यांचा हक्क आहे. पालकांच्या हाती निकाल नाही. मुलाने मागे वळून पाहिले तर त्याला घरातल्या प्रार्थनेबरोबर धाक आठवावा की माया, एवढेच त्यांच्या हाती आहे. रात्रीच्या जेवणानंतरची ती दहा मिनिटे त्यासाठीच आहेत.